बिनकाट्याचा हलवा

‘बच्चे की बनाई हुई वस्तु उसके मन का दर्पण होती है.’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी लिहिताना माझा खडू मोडतो. देवासच्या एका बी.एड. कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात हस्तकला आणि आत्म-अभिव्यक्ती असा एक धडा आहे. माती, कागद, लोकर, काड्या, काहीही द्या, माणूस त्यात स्वतःला ओततो आणि बघणाऱ्याला तो दिसतो, असं त्या धड्याचं म्हणणं. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो, म्हणून शिकवावा लागतो. मला विचाराल तर हा धडा लिहिणाऱ्याला एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवायला हवा.

माझी एक विद्यार्थिनी सरावपाठांसाठी लोहारद्याच्या एका शाळेत गेली होती. तिथल्या एका मुलीने मातीचा बैल केला, तीन पायांचा. आमच्या या हुशार बाईंनी लगेच टिपण काढलं: घरात असुरक्षितता, बहुधा वडिलांची मारहाण. वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. ते बिचारे शेतातलं काम टाकून आले आणि हात जोडून उभे राहिले. शेवटी कुणाला तरी त्या मुलीलाच विचारायचं सुचलं. ती म्हणाली, “मैडम, मिट्टी खतम हो गई थी.” ते टिपण मी अजून जपून ठेवलं आहे. राग निवतोय असं वाटलं की काढून वाचते.

मोठी माणसं तर त्याहून वरताण. आमच्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा क्रोशाचा रुमाल पूर्ण झाला की त्याचा फोटो येतो आणि खाली ओळ असते, ‘यात माझा आत्मा आहे.’ त्यावर पंचवीस जणी हात जोडतात. मला फक्त रुमाल दिसतो, आणि तोही एका कडेने ओढलेला.

एवढी का चिडतेस, असं कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात. कारण हा धडा अठ्ठावीस वर्षं माझ्यावर चालवलेला आहे, पुस्तक न उघडता, आणि चालवणारी बाई माझ्याच घरात राहते.

मी धारची. लग्न होऊन देवासला आले ती मार्गशीर्षात, आणि महिन्याभरात संक्रांत आली. घरात माणसं तीनच: नवरा, त्याची थोरली बहीण आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नणंदेने लग्न केलं नव्हतं. कचेरीत नोकरी करून तिनेच धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं. आमच्याकडे नणंदेला अजून वन्सं म्हणतात. पुण्याची माझी मावसबहीण हा शब्द ऐकून हसते. पूर्वी दरबारात कारकुनी केलेली ही घरं; बाकी बोलणं सगळं निम्मं हिंदी झालं, पण नात्याने हाक मारायची वेळ आली की एकदम शंभर वर्षं मागे जातात. मीही जाते. अठ्ठावीस वर्षांत मी त्या बाईला वन्संखेरीज दुसरं काही म्हटलेलं नाही, मनात सोडून.

वन्संची देवासमध्ये ख्याती होती ती हलव्याबद्दल. गाजराचा नव्हे, संक्रांतीचा. तिळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्याला साखरेच्या पाकाची पुटं चढवत जायचं, इतकी की त्याला चारी बाजूंनी बारीक पांढरे काटे फुटतात. मंद शेगडीवर कल्हईची परात ठेवायची, एका हाताने चमच्यातून पाकाचे थेंब सोडायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी दाणे फिरवत राहायचं. घाई केली की काटा मोडतो. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात. सकाळचे चार तास, असे तीन दिवस. मग त्या हलव्याचा एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरून दागिने करायचे: हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवून हे दागिने घालतात आणि बायका हळदीकुंकवाला येतात. देवासमध्ये मराठी घरात सून आली की दागिन्यांचा निरोप आमच्याकडे ठरलेला असायचा.

आमच्या स्वयंपाकघराच्या एका टोकाला परसात उघडणारं दार आहे आणि दुसऱ्या टोकाला ओटा. दाराशी वन्संचा पाट आणि वन्संची शेगडी. त्या पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, “तूही बस. शिकून घे.” मी दुसरी शेगडी घेऊन ओट्याजवळ बसले. तिथं बस असं कुणी सांगितलं नाही. पण ओट्यावर कुकर होता, दूध होतं, आंघोळीच्या पाण्याचं भलंमोठं पातेलं होतं, आणि नव्या सुनेने त्या सगळ्याकडे लक्ष ठेवायचं हे काय कुणी सांगावं लागतं?

तिसऱ्या दिवशी वन्संच्या परातीत पांढराशुभ्र हलवा होता, हाताला टोचेल असा. माझ्या परातीत गोळ्या होत्या. गुळगुळीत, पिवळट, चारचार एकीला एक धरून बसलेल्या. वन्संनी त्यातली एक उचलली, चष्म्याजवळ नेली आणि परत टाकली.

“गोटा झाला की गं,” त्या म्हणाल्या. “हलव्यात माणूस दिसतं बघ. काटा यायला मनात धीर लागतो. तुला धीर नाही.”

हे आम्हा दोघींत राहिलं असतं तर मी विसरलेही असते. पण हळदीकुंकवाला माझ्या अंगावर वन्संच्या हलव्याचे दागिने होते आणि माझा हलवा वेगळ्या वाटीत काढून मध्ये ठेवला होता, दाखवायला. वीसेक बायकांनी ती वाटी हातोहात फिरवली. “धारवालीच्या हाताला काटा नाही हो,” वन्संनी हसत हसत सांगितलं आणि वर समजूत घातली, “येईल, येईल. धीर शिकायला हवा.” सगळ्या हसल्या. मीही हसले. गळ्यात त्यांनीच केलेला हार होता, दुसरं काय करणार होते?

मला वन्संचा राग होता आणि अजून आहे. हे सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरांतून असं लिहीत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईबद्दल लिहायचं तर तिच्या हातची चव, तिचे कष्ट, तिची माया. कष्ट वन्संनी केले, त्यात खोट नाही. भावासाठी आयुष्य वेचलं. त्याचं व्याज माझ्याकडून वसूल केलं.

त्या एका वाक्याला पुढे जे पाय फुटले ते मी इतक्या जवळून पाहिले आहेत की त्यावर मला प्रबंध लिहिता येईल. आधी हलव्यापुरतं होतं. मग रांगोळीला आलं. माझी रांगोळी बरी असायची, पण वन्संना कुठेतरी रेघ जाड दिसायची, आणि रेघ जाड म्हणजे धीर नाही. मग स्वेटरला आलं. एका वर्षी मी नवऱ्यासाठी हिरवा स्वेटर विणायला घेतला. गळ्यापाशी चुकला म्हणून उसवला, तर त्या म्हणाल्या, “मला ठाऊकच होतं.” तो मी परत विणला नाही. नवराही चेष्टेत हेच बोलायला लागला. तो मनाने वाईट नाही. बहिणीचं वाक्य घरात आयतं पडलेलं होतं, त्याने उचललं, इतकंच.

मुलाच्या बाबतीत मात्र मला फार लागलं. तो सहा-सात वर्षांचा असताना त्याला पाढे येईनात. सातचा पाढा सात चोक अठ्ठावीसला अडायचा. हिंदी शाळेत सगळं ‘सात चौके’ आणि घरात आम्ही ‘सात चोक’, त्याचा नुसता गोंधळ उडायचा. एका दुपारी मी आवाज चढवला. एकदाच. कुठली आई चढवत नाही? नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “तू राहू दे. तुझ्या हाताला काटा येत नाही, तुझ्याच्याने पाढे कुठले व्हायला? ताई घेईल.” आणि ताईने घेतलं. त्या दिवसापासून माझा मुलगा संध्याकाळी दप्तर घेऊन आत्याच्या खोलीत जायला लागला. आधी पाढे, मग गणित, मग सगळंच. ताप आला तरी आधी आत्या. बारावीत मार्क कमी पडले तेही आधी आत्याला. खातेगावच्या एका मुलीशी लग्न करायचं आहे हेही त्याने आधी आत्याला सांगितलं. मला आठ दिवसांनी कळलं, आणि तेही वन्संनीच सांगितलं. “तू एकदम उसळशील म्हणून घाबरला गं तो,” त्या म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी उसळले. त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

कॉलेजात मी वेगळी बाई आहे. तिथं मी एक गोष्ट सात वेळा समजावते. ज्यांना वर्गात तोंड उघडायची भीती वाटते अशा मुली माझ्याकडे पाठवतात. माझ्या धीराबद्दल एकदा निरोप समारंभात कुणी भाषणही केलं. मी ते ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांना काय ठाऊक, यांनी माझा हलवा कुठे पाहिला आहे! मानसशास्त्राची एम.ए. झालेली बाई मी. घराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की मला माझाच आवाज चढलेला ऐकू यायचा. आपण अधीर आहोत असं घरात सगळ्यांना ठाऊक असलं की धीर धरण्यात काही अर्थच उरत नाही. धरला तरी कुणाला दिसत नाही, आणि सुटला की सगळे माना डोलावतात.

तरी दर जानेवारीत मी परात घेऊन बसायचे. का, ते मला सांगता येणार नाही. एक हट्ट होता. या घरात एकदा तरी माझ्या परातीतून काटेरी हलवा निघावा आणि तो वन्संनी पाहावा, एवढंच मला हवं होतं. साबुदाणा करून पाहिला, तीळ, खसखस, बडीशेप. पाकात दूध घातलं, लिंबू पिळलं. जागा तीच, ओट्याजवळची. हलवा तोच, गोटा. वन्सं आता काही बोलायच्याही नाहीत. नुसती नजर टाकून जायच्या.

या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून घरात आली, तिची पहिली संक्रांत आली, आणि वन्संनी जाहीर केलं की दागिने त्याच करणार. त्यांचा हात आता कापतो. चहाची बशी धरताना चहा सांडतो. पण मी करते असं म्हणायला माझं तोंड उघडेना. कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि नेमकं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला धारला जावं लागलं. शाळेतल्या शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि माझ्या वाट्याला विषय आला होता तोच. हस्तकला आणि आत्म-अभिव्यक्ती.

भावाकडे उतरले होते. पहिल्या दिवशी ते दर्पणाचं वाक्य फळ्यावर लिहिलं, खडू मोडला, आणि मला एक खोडसाळ विचार सुचला. शिक्षक तीस होते. तिसांनी एकाच परातीत हात घालून एक वस्तू करायची, मग मी विचारणार, सांगा, यात कुणाचं मन दिसतंय? हलव्याइतकी सोयीची वस्तू कुठली? तो बिघडणार याची तर मला खात्रीच होती. पाक माझा, देखरेख माझी. दुसऱ्या दिवशी भावाकडून परात आणि शेगडी नेली. वर्गात धूर नको म्हणून केंद्राच्या उघड्या ओसरीत मांडली. पंधरा-पंधरा मिनिटं एकेकाने बसायचं आणि बोटांनी दाणे फिरवायचे. मराठी घरातल्या दोघीतिघी सोडल्या तर बाकीच्यांनी हलवा कधी पाहिलाही नव्हता. एक पीटीचे सर तर लाह्या परताव्यात तसे परतत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी परातीवरचं फडकं काढलं आणि दाण्यांवर बारीक खरखर दिसली. मला वाटलं, डोळ्यांत काही गेलं. चष्मा पुसून पाहिलं. चौथ्या दिवशी ती खरखर टोचायला लागली. तीस माणसांचे हात, त्यातले निम्मे आयुष्यात पहिल्यांदा, आणि परातीत काटा.

त्याच दिवशी तिथल्या शिपायाने चहाचं पातेलं ओसरीतच, आमच्या शेगडीला खेटून ठेवलं. तासाभरात दाणे ओलसर दिसायला लागले. रसायनशास्त्राचे एक सर आपल्या पाळीसाठी येऊन बसले होते. ते बोट लावून पाहतात तोच ओरडले, “अरे भिया, ये चाय हटाओ इधर से! भाप से इसका कबाड़ा हो रिया है.”

मी विचारलं, “सर, भाप से क्या होता है?”

“मैडम, इसमें मन-वन का कुछ नी है,” ते म्हणाले. मी तीन दिवस काय शिकवत होते याचं त्यांना काही वाटलं नाही. “पानी धीरे-धीरे उड़ेगा तो शक्कर की नोक बनेगी. सूखी हवा चिये बस. भाप में बैठ के बनाओगे तो जिंदगी भर नी बनेगी.”

चहा हलवला. दुपारपर्यंत दाणे पुन्हा टोचायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा ओटा होता. कुकर. दूध. आंघोळीच्या पाण्याचं पातेलं, सकाळी सातपासून उकळणारं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून बोटांवर वर्षं मोजत होते. अठ्ठावीस जानेवाऱ्या, दर जानेवारीत तीन दिवस, वाफेच्या ढगात बसून मी थेंब थेंब पाक सोडत होते. अधीर माणसाने दुसऱ्याच वर्षी परात फेकून दिली असती. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि मी दुसऱ्यांना मानसशास्त्र शिकवत होते. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. मग रडू थांबलं आणि राग आला, आणि इंदूरला बस बदलेपर्यंत मी वन्संशी मनातल्या मनात तीनदा भांडले.

चौथ्यांदा खरंच भांडले. घरी पोचले तेव्हा त्या बाहेरच्या खोलीत काळ्या दोऱ्याची रिळं लावत बसल्या होत्या. मी बॅगही खाली ठेवली नाही.

“वन्सं, ओट्याजवळ वाफ असते. तिथं काटा येत नाही. तुम्हाला ठाऊक होतं?”

“कसली वाफ?”

“कुकरची, पाण्याची. मी अठ्ठावीस वर्षं त्या वाफेत बसले आणि तुम्ही सगळ्या गावाला माझा स्वभाव सांगत फिरलात.”

“मला काय ठाऊक वाफबिफ,” त्या म्हणाल्या. “मी काही शास्त्र शिकले नाही. ज्याच्या त्याच्या हाताचा गुण असतो.”

“माझ्या हाताने धारला काटा आला.”

“आला ना? मग चांगलंच झालं.” त्यांनी रीळ खाली ठेवलं. “आणि बसलीस तर बसलीस. तुला तिथं कुणी बांधून ठेवलं होतं?”

माझा नवरा वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर गेला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मी त्या दिवशी अनुभवली. कारण बांधून ठेवलेलं नव्हतंच. मी हातातली बॅग तशीच आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात गेले. माझी शेगडी उचलली आणि परसदाराशी नेऊन ठेवली, वन्संच्या पाटावर बसले आणि निखारे फुलवले. दारातून कोरडा, बोचरा वारा येत होता. इतकी वर्षं तो मला फक्त थंडी म्हणून ठाऊक होता. वन्सं आल्या, उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या. दुसरा पाट घेतला आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला बसल्या. अशा आम्ही दोघी, मध्ये दार. साडेनऊपर्यंत माझ्या दाण्यांवर ती धारची खरखर आली. मी मान वर केली नाही. वन्संच्या चमच्यातून थेंबाऐवजी धार पडत होती, हात कापत होता, त्यांच्या परातीत एका कडेला गठ्ठा झाला होता. मला तेही दिसत होतं आणि मला वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात सून आली. हसरी मुलगी आहे, मोठ्याने बोलते, चालताना गाणी म्हणते. मराठी तिला निम्मी कळते. शेतीवाडीच्या घरातून आल्यामुळे तिला रिकामं बसवत नाही. “मम्मीजी, मैं भी सीखूँगी,” म्हणत तिने तिसरी परात आणि शेगडी काढली. दाराशी जागा उरली नव्हती.

मी चमच्याने ओट्याकडे दाखवलं. म्हणाले, “उधर बैठ. कुकर पे भी ध्यान रहेगा.”

हे मी मुद्दाम केलं का? हो. पाण्याचं पातेलं उकळत होतं हे मला दिसत होतं. तिथं काय होतं हे आता माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मनात आलं, बसू दे हिलाही. ज्या मुलीचं नाव मला आठ दिवस उशिरा कळलं तिला तीन दिवस वाफेत बसवलं तर काय मोठंसं बिघडणार आहे. मग वाटीतला गोटा हलवा पाहून मी काय म्हणणार होते तेही मला माहीत होतं. वाक्य तयारच होतं.

ती बसली. पाक घेतला, दाणे फिरवले. पदराने तोंड पुसलं, परत फिरवले. दहा मिनिटं झाली असतील.

“मम्मीजी, इधर तो भाप ई भाप है,” ती म्हणाली आणि उठली. शेगडीच्या कड्यांत फडकं घालून ती उचलली आणि सरळ आमच्याकडे आली. “बुआजी, थोड़ा सरको ना.”

मी म्हणाले, “और कुकर कौन देखेगा?”

“सीटी तो इधर से भी सुनाई देगी ना, मम्मीजी,” ती म्हणाली. चेष्टा नव्हती. तिला तो प्रश्नच कळला नव्हता.

आणि वन्सं सरकल्या. पाट ओढून भिंतीशी गेल्या, आपली परात जवळ घेतली, तिच्यासाठी जागा केली. “ये, ये, बस,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “तिथं वाफेनं काटा धरत नाही. आमची आई तर कुणाला तिथं बसूच द्यायची नाही.”

बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चमचा पाकात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सून परात जागेवर बसवण्यात गुंतली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

माझ्या परातीत काटा धरत होता आणि हात थांबवला असता तर तो मोडला असता. मी बोटं फिरवत राहिले. ओट्यावर कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी. सून उठायला लागली तशी मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

“वन्सं,” मी म्हणाले, “उठा. कुकर तुम्ही बघा.”

त्यांनी भिंतीला हात लावला, गुडघ्यावर भार दिला आणि त्या हळूहळू उठल्या. मी त्यांना हात दिला नाही.